राजाचं कापड विणकरांच्या गावात आणा

मागच्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, की गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत सोलापुरात एखादं नीटनेटकं प्रदर्शन भरवावं, संस्थानिकांकडच्या जुन्या वस्तूंचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी विचारलं, "पण आणायचं काय?" उत्तर यायला क्षणही लागला नाही. तलवार! "तलवार आणा, गर्दीची हमी माझी," असं एक मित्र म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, तलवार नको, कापड आणू. शालू, शेले, पागोटी, अंगरखे, जाजमं, तंबूची कनात, जे मिळेल ते. बैठकीत हशा पिकला. "सोलापुरात कापड बघायला कोण येणार बे? चोवीस तास तेच बघलालाव की आपण."

तो हशा अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. चोवीस तास कापड बघणाऱ्यांनाच राजाचं कापड आधी दाखवायला हवं, एवढंच मला म्हणायचं आहे. दिल्ली-मुंबईला ते दाखवलं तर लोक छान म्हणतील आणि चहा प्यायला जातील. सोलापुरात दाखवलं तर कुणीतरी विचारेल, ही किनार मुळातली आहे की मागून जोडली? हा प्रश्न विचारणारा प्रेक्षक कुठल्याही संग्रहालयाला पैसे देऊन मिळत नाही.

कल्पना माझी नाही. ती इंग्रजांची, आणि त्यांनी ती आपल्याच पोटावर पाय देण्यासाठी वापरली. लंडनच्या इंडिया म्युझियमचे फोर्ब्ज वॉटसन यांनी १८६६ साली हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून, नोंदींसह १८ खंडांत चिकटवले. त्यात पागोट्याचं कापड होतं, लुंग्या होत्या, साड्या होत्या, मलमल होती. असे वीस संच तयार झाले. १३ ब्रिटनमध्ये वाटले, ७ हिंदुस्थानात. ब्रिटनमधले संच कुठं गेले ते बघा: मँचेस्टर, प्रेस्टन, ग्लासगो, ब्रॅडफर्ड. म्हणजे जिथं गिरण्या होत्या तिथं. गिरणीवाल्यानं तो खंड उघडायचा, तुकडा बोटांनी चाचपायचा आणि तसंच दिसणारं स्वस्त कापड काढून इकडं विकायला पाठवायचं, असा सरळ हिशेब होता. पुढं हातमागाचं काय झालं ते सोलापूरला दुसऱ्यानं सांगायला नको.

हेतू लुबाडणुकीचा होता, पण रीत मात्र पक्की होती. कापडाचा नमुना ज्याला कापड कळतं त्याच्या हाताशी न्यायचा. दीडशे वर्षांहून जास्त काळ उलटला तरी आपल्याला ही रीत उलटी फिरवून वापरायचं सुचलेलं नाही. आपण अजून जुन्या वस्तू राजधानीत ठेवतो आणि कारागिराला सांगतो, कधी मुंबईला आलास तर बघून जा.

तिकडच्या राजघराण्याच्या संग्रहाकडं बघितलं की हा फरक आणखी बोचतो. ब्रिटनच्या राजाचा म्हणून जो संग्रह ओळखला जातो त्यात दहा लाखांहून जास्त वस्तू आहेत. राजा त्या विकू शकत नाही. पुढच्या वारसांसाठी आणि देशासाठी त्यानं त्या सांभाळायच्या. आता हे बोलायला सोपं आहे, कारण त्यातल्या कितीतरी वस्तू मुळात कुणाच्या होत्या हा प्रश्न आपल्यासारख्यांनी विचारायचाच आहे, आणि मी तो सोडलेला नाही. पण त्या संग्रहाचं एक काम मला मनापासून आवडलं. विंडसरच्या किल्ल्यात लिओनार्दो द विंचीची पाचशेहून जास्त रेखाटनं आहेत. त्याच्या मृत्यूला ५०० वर्षं झाली म्हणून २०१९ साली त्यांनी काय केलं, तर १४४ रेखाटनं काढली आणि बारा गावांत एकाच वेळी मांडली, प्रत्येक गावाला बारा. त्या गावांत संडरलंड होतं, शेफील्ड होतं, डर्बी होतं. संडरलंड म्हणजे जहाजं बांधणारं आणि कोळसा काढणारं गाव, आणि दोन्ही धंदे बंद पडलेलं. आधी ही बारा गावं झाली, मग लंडनमधलं मोठं प्रदर्शन.

बारा! हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं प्रदर्शन म्हटलं की पाचशे वस्तू, दहा दालनं, फेटेवाले स्वागताला आणि उद्घाटनाला मंत्री. बारा वस्तूंना किती जागा लागते? एक बरी खोली. धंदे बंद पडलेल्या संडरलंडला लिओनार्दोची बारा रेखाटनं जाऊ शकतात, तर जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीचे भोंगे ऐकत वाढलेल्या गावाला बारा कापडं का येऊ नयेत?

आपल्याकडं काय झालं ते निजामाच्या जडजवाहिराच्या गोष्टीत दिसतं. केंद्र सरकारनं १९९५ साली त्यातले १७३ नग २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. जेकब हिरा त्यातलाच, जो शेवटच्या निजामानं कागदावर वजन म्हणून ठेवला होता. तेव्हापासून हे दागिने बहुतेक काळ रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहेत. अधूनमधून प्रदर्शन भरलं ते दिल्लीला आणि हैदराबादला. आता सोलापूरकराच्या नजरेनं बघा. इथून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, नळदुर्ग हैदराबादच्या वाटेवरचं, आणि दोन्ही गावं निजामाच्या मुलखातली. रझाकारांच्या काळात त्या मुलखातली माणसं बोचकी घेऊन सोलापुरात आली, इथल्या वाड्यांत आणि धर्मशाळांत राहिली. त्यांच्या बापजाद्यांनी भरलेला सारा त्या खजिन्यात आहे. नातवंडांना तो बघायचा तर दिल्लीचं तिकीट काढा! जडजवाहीर सोलापूरला आणा असं मी म्हणत नाही, तो बंदोबस्ताचा भार कुणाला झेपायचा नाही. पण मुलूख कुणाचा आणि दर्शन कुणाला, हा हिशेब एकदा मांडायला हवा.

आणि कापडाची गोष्ट तर त्याहून वाईट. हिरा शंभर वर्षं तिजोरीत राहिला तरी हिराच राहतो, कापडाला मात्र घडीवर चीर पडते, जरतार काळी पडते, कसर लागते. काही गोष्टी तर हातातूनच निघून गेल्या. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला होता. मदिनेला पाठवण्यासाठी, असं सांगतात. बसऱ्याचे लाखो बारीक मोती, मधे हिरे-माणकं. १९०३च्या दिल्ली दरबाराच्या वेळच्या प्रदर्शनात तो लोकांनी बघितला. २००९ साली दोह्याला त्याचा लिलाव झाला, सुमारे ५५ लाख डॉलरला, आणि आता तो कतारमध्ये आहे. त्याच्याविषयी जे छापून आलं त्यात राजाचं नाव आहे, मोत्यांची संख्या आहे, किंमत आहे. सुई कुणाच्या हातात होती त्याचं नाव नाही. कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

मला हे पहिल्यांदा एका मामांनी दाखवलं. मामा म्हणजे वडिलांचे मित्र, सोलापूरच्या पूर्व भागातले विणकर, घरात तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी. हातमागावर इरकली लुगडी विणून सुरुवात केली आणि मग यंत्रमागावर चादरी. आम्ही एका जुन्या संस्थानच्या गावी लग्नाला गेलो होतो. मुहूर्ताला वेळ होता म्हणून तिथल्या छोट्या संग्रहालयात शिरलो. एका काचेच्या पेटीत गडद जांभळ्या रंगाची साडी टाचण्या लावून पसरली होती. वर उघडा बल्ब, आणि पेटीवर चिठ्ठी: 'राजघराण्यातील साडी'. एवढंच. मी बघितलं न बघितलं केलं आणि पुढच्या बंदुकांकडं वळलो.

मामा तिथंच थांबले. मग चष्मा वर सरकवून खाली बसले, अक्षरशः फरशीवर, आणि मान वाकडी करून पेटीच्या खालच्या फटीतून बघायला लागले. शिपाई धावत आला. "अहो आजोबा, काय पाहिजे?" मामा म्हणाले, "मागची बाजू." शिपायाला काही कळेना. मलाही कळलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी समजावलं. पैठणीचा पदर खरा हातानं भरलेला असेल तर पुढून-मागून सारखाच दिसतो, मोर इकडूनही मोर आणि तिकडूनही मोर. जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर काढलेला असेल तर मागं सुटे धागे लोंबतात. "पुढची बाजू नवरीची, मागची बाजू विणणाऱ्याची. ह्यांनी विणणाऱ्याची बाजू फरशीला लावली बघ."

लग्नाला उशीर झाला आणि मामींनी दोघांनाही झापलं, ते वेगळं.

पुढं कुठल्याही संग्रहालयात गेलो की मला ती खालची फट आठवते. संस्थानिकांच्या वस्तूंची आपली सगळी प्रदर्शनं पुढच्या बाजूची असतात. हा शालू अमुक राणीसाहेबांचा, ही तलवार तमुक महाराजांची, हे ताट चांदीचं. वस्तू राजाला चिकटलेली म्हणून मोठी. कुणी केली, किती दिवस लागले, रेशीम कुठून आलं, मजुरी मिळाली का, याबद्दल एक ओळ नसते. त्यामुळं बघणाराही हात जोडून उभा राहतो. २०२४ साली लंडनहून वाघनखं सातारला आली तेव्हा हेच झालं. ती महाराजांचीच, असं ठामपणे सांगता येत नाही, हे ती पाठवणाऱ्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनंच सांगितलं होतं. तरी जाणाऱ्याला दर्शन घ्यायचं होतं, तपासायचं नव्हतं. त्या भावनेला मी नावं ठेवत नाही, माझाही हात आपोआप जोडला गेला असता. मात्र दर्शनातून कुणाला धंदा शिकता येत नाही.

सोलापूरला आज शिकायची निकड आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण 'सोलापुरी' म्हणून पानिपतचा माल विकला जातो, हे चाटी गल्लीतला कुठलाही दुकानदार खासगीत सांगेल. टॉवेलमध्ये परदेशी गिऱ्हाईक दर नगाला पैशापैशानं घासाघीस करतं. स्वस्ताईत आपण कुणाशी जिंकणार नाही. उरतं ते डिझाइन. आणि डिझाइन म्हणाल तर तेच चौकोन, तेच मोर, तीच कमळं पिढ्यान् पिढ्या. जेकार्डचे भोक पाडलेले पुठ्ठे झिजले की तेच पुन्हा पाडून घेतात. याच जेकार्डवर इथल्या लोकांनी नेत्यांचे आणि संतांचे चेहरे विणून भिंतीवर लावायची कापडं केली आहेत, डोळ्यातली चमकसुद्धा धाग्यात उतरवली आहे. हात आहे, नजर आहे. समोर बघायला मात्र चांगलं काही नाही. मोबाइलवर चित्रं मिळतात म्हणाल, तर मिळतात, पण मोबाइलवर एका इंचात किती धागे ते मोजता येत नाही.

आणायचं कुठून, हा पुढचा प्रश्न. दूर जायची गरज नाही. अक्कलकोट इथून तासाभरावर. गुरुवारी स्वामींचं दर्शन झालं की भोसल्यांच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघायला कितीतरी सोलापूरकर लहानपणी गेलेले असतात. तलवारी, कट्यारी, भाले, ढाली. माझ्या मित्राची तलवारीची हौस तिथं फिटेल. पण शस्त्रागारातही मूठ असते, मुठीला गादी असते, म्यानाला मखमल असते. म्हणजे विणकाम तिथंही लपलेलं आहेच. सातारा जिल्ह्यात औंध आहे. जेमतेम सत्तर-बहात्तर गावांच्या त्या संस्थानाचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथं आहेत आणि नामवंत इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पसुद्धा आहे, ज्यावर नवख्या माणसाचा चटकन विश्वास बसत नाही. पुढच्याच वर्षी याच राजानं आपला अधिकार लोकांच्या हाती दिला. आता ते संग्रहालय राज्य सरकारकडं आहे, म्हणजे हलवाहलवीची परवानगी एकाच दारात मागायची आहे. रविवर्म्याच्या चित्रातल्या साड्या नुसत्या बघायला विणकरांना न्या. त्या बायकांचे चेहरे बाजूला राहतील आणि काठाची चर्चा होईल. कोल्हापूरचा नवा राजवाडा आहेच.

आणि विजापूर! ते शंभरेक किलोमीटरवर. चांदबिबीच्या लग्नात सोलापूरचा किल्लाच विजापूरकरांना आंदण म्हणून दिला गेला होता, तेव्हा राजाच्या मालमत्तेत आपली गणना होऊन गेलेली आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारातली चित्रं आज प्रागपासून लंडनपर्यंत विखुरली आहेत. त्या चित्रांत झिरझिरीत मलमलीचे जामे, पटके आणि शाली इतक्या बारकाईनं काढल्या आहेत, की त्यावरून नक्षी उचलता येईल. मूळ चित्रं मिळणं कठीण. चांगल्या मोठ्या छापील प्रती मात्र कुणीही करून देईल, आणि प्रतीला पहारा लागत नाही.

आमच्याकडच्या डाव्या मित्रांचा आक्षेप वेगळा आहे. १९३०च्या मे महिन्यात इंग्रजांना शहराबाहेर घालवून चार दिवस स्वतःचा कारभार करणारं, मार्शल लॉ सोसणारं आणि चार हुतात्मे देणारं हे गाव. इथं राजेरजवाड्यांचा थाट कशाला मिरवायचा? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. नुसता थाट मांडला तर तो खराच आहे. पण इंग्लंडात १६४९ साली पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवल्यावर नव्या सरकारनं त्याचा चित्रसंग्रह विकायला काढला, आणि राजवाड्याची थकलेली बिलं भागवायला चित्रं दिली. राजवाड्याचं नळकाम करणाऱ्या माणसाला बासानोचं एक मोठं चित्र मिळालं. मला ही गोष्ट भारी आवडते. राजाचं चित्र नळवाल्याच्या घरी गेल्यावर त्याचा थाट उतरला आणि ते नुसतं चित्र उरलं. तसंच आपण करायचं. शालूशेजारी त्याच्या खर्चाची नोंद मांडा. संस्थानांच्या दफ्तरांत खर्चाच्या नोंदी असतात. रेशमाला किती, जरीला किती, मजुरीला किती. तिसरा आकडा बघून आमचे डावे मित्र रोज येतील.

खरी अडचण विचारांची नाहीच, ती खोलीची आहे. शहरातल्या एका सभागृहात मी चित्रांचं प्रदर्शन बघितलं आहे. भिंतीला ओल, खिळे ठोकून ठोकून गिलावा उडालेला, दोन ट्यूबलाइट फडफडत होत्या आणि पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता थेट जलरंगावर ऊन. चित्रकार बिचारा वर्तमानपत्र लावत होता. अशा खोलीत कुणी स्वतःच्या आजीचं लुगडंही ठेवणार नाही, मग राजघराण्याचं कसं येईल? जुन्या कापडाला उजेड सोसत नाही. संग्रहालयं कापडावर पन्नास लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, म्हणजे आपल्या कचेरीत असतो त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका. निळीचा निळा आणि मंजिष्ठेचा लाल बराच तग धरतात. हळदीचा पिवळा सगळ्यात आधी उडतो, आणि उडाला की परत येत नाही. दमटपणा एकदम चढला-उतरला तर रेशीम आखडतं. एप्रिल-मेमध्ये त्रेचाळीस अंशात असला उद्योग करूच नये.

पण जानेवारी आहे ना. संक्रांतीच्या सुमाराला सोलापूरची हवा कोरडी आणि थंड असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला सगळा जिल्हा लोटतो, होम मैदानावर रात्रीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. पाळणे आणि भाग्यश्री भेळ यांच्यापासून पाच मिनिटांवर एक शांत, गार, मंद उजेडाची खोली, बारा कापडं. अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन महापालिकेच्याच ताब्यात आहे. राजाचा नव्हे, व्यापाऱ्याचा वाडा, म्हणून मला तो आणखी योग्य वाटतो. त्यातलं एक दालन नीट करायचं. खिडक्यांना जाड पडदे, बंद पेट्या, उजेड मोजायचं यंत्र, दोन पहारेकरी, विमा. विम्याचा बागुलबुवा फार केला जातो. ब्रिटनमध्ये अशा उसन्या वस्तूंची हमी सरकार स्वतः घेतं, म्हणून संडरलंडसारख्या गावाला ते परवडतं. महाराष्ट्र सरकारनं २०२५ साली लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार विकत आणली, चांगलं केलं. तलवारीसाठी पैसा निघतो तर उसन्या कापडाच्या हमीचा कागद निघायला काय हरकत?

तिकीट लावू नये. विडी वळून, हजार विड्यांचा हिशेब देऊन संध्याकाळी मोकळ्या होणाऱ्या बायकांना रात्री नऊपर्यंत दार उघडं पाहिजे. माहिती मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये हवी, उर्दूतही. दालनात एक जाणता विणकर उभा करायचा आणि त्याला रोजचा पगार द्यायचा, मानधन नव्हे. बघणाऱ्याला भिंग द्यायचं, काचेवरून धागे मोजायला. पुढच्या महिन्यातल्या बैठकीत मी हा कागद मांडणार आहे. खर्चाच्या यादीत पहिला नग बारा आरसे असा आहे, प्रत्येक पेटीच्या तळाला एक. तलवारवाल्या मित्रानं कालच विचारलं, आरसे कशाला? मामा आता नाहीत, नाहीतर त्यांनाच सांगायला लावलं असतं.